दस्तगीरचाचांचं जहाज

दस्तगीरचाचांच्या जहाजाला कुणी होडी म्हटलं की त्याचं काही खरं नसायचं. "होडी? होडी तेरे बाप की! जहाज है ये, जहाज!" असं ते तळ्याच्या मधून ओरडायचे आणि काठावर धुणं धुणाऱ्या आम्हा बायकांना शब्द न् शब्द ऐकू यायचा. आता खरं सांगायचं तर ते जहाज लांबीनं आमच्या स्वयंपाकघराहून जरासंच जास्त होतं. बाभळीच्या फळ्या, वरून डांबर, मधे एक उभा वासा आणि वाशाला शीड. पण चाचांसमोर हे बोलायची कुणाची छाती नव्हती. मी तर या गावची सून, तीही नवी, त्यामुळं मी पहिल्या दिवसापासून मुकाट्यानं जहाजच म्हणत आले आणि आजही तेच म्हणते.

आमचं गाव जळकोटपासून कोसभर आत. गावाच्या खालच्या अंगाला तळं, तळ्याच्या पलीकडं वाडी. पावसाळ्यात तळं भरलं की वाडीची वाट पाण्याखाली जायची आणि इकडून तिकडं जायला चाचांचं जहाज हाच एक उपाय असायचा. वर निजामाचं राज्य होतं, बाहेर कुठं तरी मोठी लढाई चालली होती, आणि आमच्यापर्यंत त्या लढाईचं एवढंच पोचलं होतं की रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं आणि सोलापूर-हैदराबादच्या सडकेवरून मिलिटरीच्या लॉऱ्या धूळ उडवत जात होत्या. आमच्या घरी शिंप्याचं दुकान. शेजारी भिंतीला भिंत लावून चाचांचं घर. घरात ते आणि हलीमाचाची, दोघंच. लेक सोलापूरला दिलेली.

चाचांनी उभा जन्म मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर काढला होता. बिजलीचं काम. दोन-तीन वर्षांनी कधीतरी घरी यायचे, पेटी भरून सामान आणि पोतंभर गोष्टी आणायचे, की परत पाण्यावर. त्यांच्या गोष्टीत एक खरी असली तर दोन मालमसाल्याच्या, असं आमचे सासरे म्हणायचे. कुठल्या तरी समुद्राचं पाणी अंधारात आपोआप उजळतं म्हणे. हे तर कुणीच खरं मानलं नाही. चाचा चालायचे ते पाय फाकवून, जणू आमच्या गल्लीतली जमीनसुद्धा हलतेय. आणि गाठी! दिसेल ते दोरीनं बांधायचे. एकदा आमची शेळी सुटली म्हणून त्यांनी खुंट्याला बांधून दिली. ती गाठ कुणाला म्हणून सुटेना, आणि चाचा गेलेले नळदुर्गच्या बाजाराला. शेवटी शेळीला चारा-पाणी जागेवर द्यावं लागलं. संध्याकाळी चाचा आले, दोन बोटांनी गाठ सोडली आणि उलट आम्हालाच म्हणाले, "समंदर पे होते तो सब डूब जाते तुम लोग."

असा हा तोंडाळ, फुशारकी मारणारा, गल्लीभर आवाज करणारा माणूस. पण घरात चाचीसमोर मात्र त्यांचा आवाज निम्म्यावर यायचा. का, ते मला चाचींनीच सांगितलं.

चाची गोधड्या शिवायच्या. नवरा पाण्यावर, पदरात लेकरू, तेव्हा दिवसा लोकांच्या शेतात आणि दिवेलागणीनंतर चिमणीपुढं गोधडी, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. चिमणीचा धूर, बारीक टाके. चाचा नोकरी सोडून कायमचे घरी आले तेव्हा चाचींना सुईत दोरा ओवता येत नव्हता. एकदा बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही तिथं काम तरी काय करत व्हता जी?" चाचा ऐटीत म्हणाले, "दिवे लावत व्हतो. सगळ्या जहाजाचे." चाची म्हणाल्या, "आन् इथं?"

बस, एवढंच. टोमणा मारायचा म्हणून नाही बोलल्या त्या. पण चाचा त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. पुढं सोलापूरला डॉक्टरला दाखवलं. त्यानं सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, आणि आहे ती हळूहळू जाईल, उपाय नाही. परत आल्यावर चाचांनी आमच्या ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत सांगितलं, "हिची नजर जायच्या आत हिला बिजलीचा दिवा दाखवणार. माझ्या हातचा." लोक हसले. हसतीलच की! तालुक्याच्या गावातसुद्धा बिजली नव्हती तेव्हा.

पहिला उद्योग त्यांनी छपरावर केला. सडकेवर मोडून पडलेल्या लॉरीचा डायनामो कुठून तरी पैदा केला, त्याला पत्र्याचा पंखा लावला आणि छपरावर चढवला. आमच्या माळावरचा आषाढातला वारा ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पंखा जो सुटला तो आमच्या परसात येऊन आदळला. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, अंड्यावरची कोंबडी जागीच गेली. आत्याबाईंनी चाचांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. चाचा मान खाली घालून ऐकत होते, पण मला दिसत होतं, त्यांचं लक्ष शिव्यांकडं नव्हतंच. ते तळ्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाचीची पितळी परात कापली. माहेरची परात! चाची किती तरी दिवस बोलल्या नाहीत त्यांच्याशी. त्या परातीची त्यांनी पाती काढली, वळवली आणि वीतभर लांबीची एक फिरकी केली. मग आम्हाला समजावून सांगितलं. मोठं जहाज किती चाललं ते मोजायला मागं पाण्यात लांब दोरी सोडतात, तिच्या टोकाला अशीच फिरकी असते. जहाज पुढं पळतं, पाणी फिरकीला फिरवतं, फिरकी दोरीला फिरवते आणि दोरी वर बसवलेलं घड्याळ फिरवते. "घड्याळ काढा, डायनामो लावा. खल्लास!" मधे सायकलचं एक चाक आणि पट्टा घातला, म्हणजे दोरी हळू फिरली तरी डायनामो जोरात फिरेल. आमचे हे तोंडात बोट घालून बघत राहिले.

शीड शिवायचं काम आमच्याकडं आलं. कापड कुठाय? मग चाचा घरोघर फिरले आणि प्रत्येक घरानं फाटकं-तुटकं काही तरी दिलं. धोतराचे तुकडे, लुगड्याचे पदर, एकानं तर लग्नातला फेटा दिला. ते सगळं दुहेरी करून मी मशीनवर शिवलं. माझे पाय भरून आले पण काय शीड झालं होतं ते! पांढरं, हिरवं, जांभळं, ठिगळच ठिगळ. वारा भरला की काठावरची म्हातारी माणसं ओरडायची, "ते बघा माझं धोतर निघालं वाडीला!"

आणि चाचांची गंमत अशी की उतारूंकडून ते ना धान्य घ्यायचे ना पैसा. त्यांना हवं असायचं वजन. शिडात वारा जोरात भरला की जहाज एका अंगाला कलायचं. मग वाऱ्याच्या अंगाला माणसं बसवावी लागायची, तरच ते सरळ आणि वेगात पळायचं. वेग आला तरच डायनामो बोलायचा. त्यामुळं वारा सुटला की चाचा गल्लीत हाका मारत यायचे, "चला, वजन व्हा! वजन व्हा!" काम असो-नसो, लोक उठून जायचे. बारीक माणसाला चाचा हातानं बाजूला सारायचे. गावात जाड माणसाला एवढा मान आधी कधी नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. सगळ्यात मोठा मान आमच्या आत्याबाईंचा. पण कोंबडी मेल्यापासून त्यांनी शपथ घेतलेली, त्या मुडद्याच्या होडीत मी पाय ठेवायची न्हाय. बाकीचं गाव मात्र बसायचं. पाटलापासून मांगवाड्यातल्या बाजीपर्यंत सगळे एका फळीवर मांडीला मांडी लावून बसायचे, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं तर चाचा म्हणायचे, "वजनाला जात नसते. हलो मत."

एकदा पाटलाची म्हैस तळ्यात डुंबत होती आणि फिरकीची दोरी तिच्या पायात अडकली. म्हैस बिथरली. जहाज वाऱ्यानं इकडं, म्हैस काठाकडं. चाचा उभे राहून ओरडतायत, "दोरी कापू नका रे! परात आहे ती, परात!" शेवटी म्हैस जिंकली. सगळं जहाज, शीड, वजनं आणि चाचांसकट तिनं चिखलात आणून घातलं. म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. तर चाचा रोज सकाळी गोठ्यात जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवून माफी मागून यायचे, आणि पाटील पोट धरून हसायचा.

आता तुम्ही म्हणाल, जहाजावर बिजली झाली, मग चाचीला नेऊन दाखवायची की! तीच तर अडचण होती. चाची पाण्यावर पाय ठेवायला तयार नव्हत्या. मी पुष्कळदा समजावलं. त्या म्हणायच्या, "बेटी, या पाण्यानं माझा आदमी नेला. सगळी जवानी नेली. मी त्याच्यावर बसायची न्हाय. दिवा लावायचा तर माझ्या घरात आणून लावा म्हणावं." म्हणून चाचांनी लॉरीची जुनी बॅटरी मिळवली. पावसाळाभर वजनं बसवून बसवून, तळ्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडं फेऱ्या मारून ते ती भरत राहिले; चाचीच्या आधी दिवा कुणालाच दाखवायचा नाही, ही त्यांची जिद्द. बॅटरीत घालायला पावसाचं पाणी धरायचे, तेही धुतलेल्या फडक्यातून. आतलं पाणी म्हणजे तेजाब, जहाल असतं, हातावर पडलं तर कातडं जाईल, आणि चाचीला तर नीट दिसत नाही. म्हणून बॅटरी त्यांनी आमच्या ओसरीत कोनाड्याखाली ठेवली होती. ठरलं असं होतं की ती पुरती भरली की दसऱ्याच्या सुमारास घरात दिवा लावायचा. चाचींना आता माणूस फक्त सावलीसारखा दिसत होता. त्यांनी भिंतीला हात लावून चालायला सुरुवात केली होती.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा. शिवणाचं मशीन, कात्री, गज, विळा, कुऱ्हाड, सगळं धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. आत्याबाईंचा राग तोवर निवळला होता. चाचीचे डोळे आणि चाचांची धडपड बघून त्या आतून विरघळल्या होत्या, फक्त तोंडानं कबूल करत नव्हत्या. त्यांच्या मनात आलं, या भल्या माणसाचं हत्यार आपल्या दारात आहे, ते तसंच पारोसं कसं ठेवायचं? मी स्वयंपाकात. त्यांनी बॅटरी उचलून मोरीत नेली, बुचं काढली, आतलं आंबूस पाणी ओतून दिलं, आडाच्या पाण्यानं आत-बाहेर खळखळून धुतली, चांगलं पाणी भरलं आणि झेंडूची माळ घालून मशीनशेजारी मांडली. वर नारळ.

चाचा संध्याकाळी आले. त्यांनी माळ बघितली. मोरीतला दगड पांढरा पडलेला बघितला. आत्याबाईंच्या लुगड्याला भोकं पडायला लागली होती, ती बघितली. मी दाराआड उभी. आता हा माणूस गाव डोक्यावर घेणार! तो तेजाब त्या दिवसांत कुठं मिळत नव्हता, आणि मिळाला असता तरी बॅटरी आतून गेलीच होती. आषाढाचा वाराही संपला होता. आत्याबाईंना काही कळलं नव्हतं, त्या हौसेनं म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं बी हत्यार पुजलं बघा." चाचा खाली बसले, दोन्ही हात पुढं केले, खोबऱ्याचा तुकडा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "लई चांगलं केलं, भाभी." आणि घरी गेले.

आमच्या ह्यांनी मग आत्याबाईंना समजावून सांगितलं की काय झालं. त्या ज्या बसल्या त्या भिंतीला टेकूनच बसल्या, डोळ्याला पदर. मला राहवलं नाही, मी चाचीकडं गेले आणि सगळं सांगून टाकलं. चाचींनी शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, "ओरडले का?"

"न्हाय चाची. लई चांगलं केलं म्हणाले."

"ओरडले न्हाय?" त्यांनी परत विचारलं. त्यांचा चेहरा कसा तरी झाला. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं नुकसान होऊन ते गल्लीत ओरडले नाहीत असं कधी झालंच नव्हतं. त्या उठल्या, भिंत धरत आतल्या खोलीत गेल्या आणि मला त्यांचा आवाज आला, "सुनो जी. दाखवा तुमचं जहाज. येते मी."

आता वारा पाहिजे होता. हस्ताचा पाऊस सुरू होता. हस्ताची रीत तुम्हाला माहीत असेल, दिवसभर कडक ऊन आणि दुपार कलली की एकाएकी आभाळ काळंकुट्ट होऊन वारा घोंगावत येतो. तो वारा चांगला नव्हे. पण चाचांपाशी दुसरा नव्हता. दसऱ्यानंतर एका दुपारी आभाळ भरून आलं आणि चाचांची हाक गल्लीत घुमली, "वजन व्हा!" चाचींना त्यांनी हाताला धरून आणलं. पहिलं पाऊल टाकताना चाचींनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. पाटील बसला, बाजी बसला, आमचे हे, मी. चाचांनी शीड निम्मं गुंडाळलं, वाऱ्याकडं बघितलं आणि मान हलवली. वजन कमी पडत होतं.

तेव्हा काठावरून आत्याबाई आल्या. भोकं पडलेलंच लुगडं नेसलेल्या. कुणाशी बोलल्या नाहीत. देवाचं नाव घेत जहाजात चढल्या, चाचीच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात घट्ट धरला. एक बाई पाण्याला भ्यालेली, दुसरी चुकीनं खचलेली.

काय सुटलो आम्ही! शीड फुगलं, जहाज कललं, आम्ही सगळे मागं झुकलो, तोंडावर पाण्याचे शिपकारे. मागं दोरी ताठ झाली आणि डायनामो आधी कुरकुरला, मग गुरगुरला, मग गायला लागला. वर आभाळ असं दाटलं होतं की दिवसाढवळ्या तिन्हीसांज झाली होती. वाशावर लॉरीचा दिवा बांधलेला. आधी त्यात नुसती लाल तार दिसली. मग पिवळी. मग एकाएकी असा लखलखीत झाला की मला पाटलाच्या मिशीचा केस न् केस दिसला. मी जन्मात पहिल्यांदा बिजली बघत होते, पण खरं सांगते, मी तिच्याकडं बघितलंच नाही. आम्ही सगळे चाचीकडं बघत होतो. चाचा सुकाणू धरून वाकलेले. विचारायची हिंमत नव्हती त्यांच्यात.

चाचींनी मान वर केली. डोळे बारीक केले. मग आत्याबाईंच्या हातातला हात सोडवून डोळ्यांवर आडवा धरला आणि वैतागून म्हणाल्या, "बस करो जी! आंखां में जारा!"

चाचांनी आरोळी ठोकली ती वाडीपर्यंत गेली. "सुना? सुना क्या? डोळ्यात जातंय म्हणते! हिच्या डोळ्यात जातंय!" सुकाणू सोडून नाचायलाच लागले. जहाज गरकन फिरलं, आम्ही एकमेकांच्या अंगावर, पाटील ओरडतोय, आत्याबाई रडतायत आणि हसतायत. चाची म्हणत होत्या, "आधी ते सुकाणू धरा." माझ्या आयुष्यात मी एवढी आनंदी माणसं एका जागी पुन्हा बघितली नाहीत.

पुढं थंडीत चाचींची उरलेली नजर गेली. एका सकाळी त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, तेव्हा मला समजलं. आणखी काही वर्षांनी राज्य बदललं. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांत जे झालं त्यानं माणसांची माणसांवरची खात्री उडाली. आमच्या गल्लीनं चाचांना जपलं, पण लेकीला धीर धरवेना. जावई येऊन दोघांना सोलापूरला घेऊन गेला. जहाज तळ्याकाठी उपडं पडून राहिलं आणि शिडाची गोधडी करून मी आत्याबाईंच्या अंगावर घातली. चाचा परत दिसले नाहीत.

पण मला ते आठवतात ते गाव सोडायच्या आधीच्या आषाढातले. वारा सुटला होता. चाचा चाचीला घेऊन जहाजावर आले. आता त्या बिनधास्त बसायच्या. आम्हीही वजनाला बसलो, आत्याबाई आणि मी. दोरी सोडली, डायनामो गायला लागला. मी वर बघितलं तर दिव्याची काच काळी पडलेली. आतली तार कधीच जळून गेली होती आणि दुसरा दिवा कुठं मिळत नव्हता. चाचांना ते माहीत होतंच, रोज तेच तर पुसायचे तो.

चाचा मोठ्यानं म्हणाले, "लागला बघ, हलीमा."

चाचींनी तोंड वर केलं, वाशाकडं नाही, जरा भलतीकडंच. हात डोळ्यांवर आडवा धरला आणि त्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाल्या, "बस करो जी, आंखां में जारा."

"जरा दम धर. लागू दे थोडा वेळ," चाचा म्हणाले.

मी आत्याबाईंकडं बघितलं. ज्या बाईचं तोंड जन्मात कधी बंद राहिलं नाही, त्या बाईनं माझा गुडघा दाबला आणि ती पलीकडच्या काठाकडं बघत बसली. वाडी येईपर्यंत चाचींनी डोळ्यावरचा हात काढला नाही.